तेरा टेकड्या आणि एक ऑडिटर

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे मेट्रोचा फलाट. ७ फेब्रुवारी २०२० ला ही लाईन सुरू झाली आणि आमच्या मोहल्ल्याला पहिल्यांदाच वरून खाली बघायची सोय झाली. वर जायला सरकता जिना आहे, त्यामुळे चढण्याचा प्रश्न तिथेही येत नाही. एरवी सिटी सेंट्रल लायब्ररीतली पोरं ग्रुप-वनच्या मेरिट लिस्टमध्ये चढतात, त्यागराय गानसभेतले गवई वरच्या षड्जावर चढतात, आणि आरटीसी क्रॉस रोडला नवा सिनेमा लागला की चाहते दुधाचा हंडा घेऊन हिरोच्या कटआउटवर चढतात. डोंगर चढणारा माणूस या भागात कोणी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

तरीही इथल्या मराठी घरांत सह्याद्रीचा विषय निघाला की आवाज बदलतो. आमचे आजोबा परभणीहून निजाम सरकारच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा उचलून मुंबई राज्यात ठेवला गेला, आजोबा होते तिथेच होते. लोक विचारतात, तुम्ही महाराष्ट्र सोडून इकडे कसे आलात? आम्ही काहीच सोडलं नाही, महाराष्ट्रच आमच्या शेजारून उठून गेला. मागे राहिलेल्या माणसाला अभिमान जरा जास्त लागतो. दिवाळीत किल्ला आम्हीही करतो, वर महाराज बसवतो, खाली अळीव पेरतो. खरं म्हणजे परभणीच्या गच्चीवरूनसुद्धा सह्याद्री दिसत नाही. पण हा मुद्दा गणपतीच्या आरतीनंतर किंवा विवेकवर्धिनीतल्या समारंभात काढायचा नसतो.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना पुण्याचा भाचा आला. कंपनीच्या कामासाठी गच्चीबावलीला यायचा आणि मुक्काम आमच्याकडे, कारण हॉटेलात धपाटे मिळत नाहीत. रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत उभा राहून त्याने समोरची बिल्डिंग, तिच्यामागची बिल्डिंग आणि दोन्हींमधून दिसणारी तिसरी बिल्डिंग बघितली.

"मामा, वीकेंडला इथे लोक करतात काय?"

"झोपतात," मी म्हणालो.

"आम्ही केटूएस करतो."

पुण्यात हल्ली डोंगरांनाही आद्याक्षरं आहेत. केटूएस म्हणजे कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्याशी उतरायचं, वाघजाईच्या देवळापासून वर चढायचं, आणि डोंगराच्या धारेवरून एकेक टेकडी ओलांडत सिंहगडाच्या रस्त्यावर जाऊन पडायचं. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या तेरा. कोणी बारा म्हणतात, कोणी चौदा. हा वाद पुण्यात बराच जुना आहे आणि तो मिटावा असं तिथे कोणाला वाटत नाही.

आमच्या बिल्डिंगमधले तात्या त्या वेळी पेपर न्यायला आले होते. तात्या एजी ऑफिसातून ऑडिटर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे ऑफिसातून निवृत्त झाले, ऑडिट चालू आहे. पेपर काखेत मारून ते भाच्यासमोर बसले.

"तुमचं पुणं समुद्रसपाटीपासून किती उंच?"

भाच्याने मोबाईल बघितला. "पाचशे साठ मीटर."

"हैदराबाद?"

"पाचशे चाळीसच्या आसपास."

"म्हणजे फरक वीस मीटरचा. वीस मीटर म्हणजे सहा मजले. सहा मजल्यांवर एवढा तोरा करायलात तुम्ही लोकं?"

भाचा गप्प बसला. तात्यांनी मग भूगर्भशास्त्र काढलं. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, आणि आमच्या बंजारा हिल्स-जुबिली हिल्सचा ग्रॅनाइट आहे अडीचशे कोटी वर्षांचा. हा ग्रॅनाइट डायनासोर यायच्या कितीतरी आधीचा, आणि त्याचे दगड इथे एकमेकांवर तोल सांभाळून बसलेले आहेत. त्यातले बरेच आम्ही फोडून त्या जागी बंगले उठवले आणि उरलेले वाचवायला सोसायटी टू सेव्ह रॉक्स नावाची संस्था काढली, ही बाब तात्यांनी शेरा न मारता वगळली. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. १६७७ साली खुद्द महाराज भागानगरला आले होते, कुतुबशहाला भेटायला. पुण्याकडून इकडे.

"हो तात्या," भाचा म्हणाला, "ते घोड्यावरून इकडे आले. तुम्ही चालत तिकडे कधी येताय?"

पुण्याच्या माणसाशी इतिहासावरून बोलायला जाऊ नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तात्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थंडीत." ठरलं.

तयारीला आम्ही नौबत पहाडावर जाऊ लागलो. चिक्कडपल्लीहून जवळ, दोनशे ऐंशी फुटांचा डोंगर, वर १९७६ मध्ये उघडलेलं पांढऱ्या संगमरवराचं बिर्ला मंदिर. व्यायामाचा व्यायाम, दर्शनाचं दर्शन. अडचण एकच होती. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो खाली जमा करावा लागतो. त्यामुळे आम्ही घाम गाळून वर जायचो आणि पावलं मोजणारं यंत्र खाली लॉकरमध्ये निवांत पडलेलं असायचं. संध्याकाळी भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला की त्याचं उत्तर यायचं, "मामा, आज घरीच होतात का?" तात्यांनी यावर आक्षेप नोंदवला की ज्या श्रमाची पावती नाही तो श्रम हिशेबात धरता येणार नाही, आणि ते खालीच बाकावर बसू लागले.

म्हणून मग गोवळकोंडा. तिथे मोबाईल चालतो आणि बाला हिसारपर्यंत साडेतीनशेवर पायऱ्या आहेत. खालच्या फतेह दरवाज्यात टाळी वाजवली की थेट वर ऐकू येते, ही त्या किल्ल्याची जगप्रसिद्ध करामत. तात्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवण्याचं काम घेतलं. वर जाऊन ऐकण्याचं आमच्याकडे दिलं. दोन्ही कामं सारख्याच महत्त्वाची आहेत, हे आम्ही खाली आल्यावर त्यांनी इराणी चहा पिता पिता पटवून दिलं.

शेजारच्या तेलुगू गारूंना हा सगळा खटाटोप समजेना. त्यांना डोंगर चढणं नवं नाही. ते अलिपिरीहून तिरुमला पायी चढतात, तीन हजार साडेपाचशे पायऱ्या, तेही अनवाणी. तिथे काही बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत वर जातात. डोंगर कसे चढावेत हे या लोकांना आपल्यापेक्षा बरंच आधी कळलेलं आहे.

"टेकड्या किती?" त्यांनी विचारलं.

"तेरा."

"आमच्या स्वामींच्या सात. सात चढलं की वर बालाजी. तुमच्या तेरा संपल्यावर काय?"

"सिंहगड."

"प्रसाद?"

"पिठलं-भाकरी."

गारूंनी थोडा विचार केला. सात टेकड्यांना लाडू आणि तेरांना पिठलं, हा भाव त्यांना पटलेला दिसला नाही. पण माणूस मोठ्या मनाचा. निघायच्या दिवशी त्यांच्या घरून केळीच्या पानात बांधलेला पुलिहोरा आला. चिंचेचा हा भात दुसऱ्या दिवशीही खराब होत नाही आणि चढावर तोंडाला चव आणतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, उस्मानिया बिस्किटं आणि पुलिहोरा, एवढा जुना निजाम इलाखा पाठीवर घेऊन आम्ही रात्रीच्या बसमध्ये बसलो.

हैदराबाद-पुणे रस्त्याइतका सपाट रस्ता शोधून सापडणार नाही. जहीराबाद गेलं की तेलुगू पाट्या संपतात, हुमनाबादकडे कन्नड लागतात, आणि उमरग्याला मध्यरात्री धाब्यावर बस थांबते तेव्हा पाटीवर मराठी असते. त्या धाब्यावर पोऱ्याने "काय आणू काका?" म्हणून विचारलं. तात्यांना भरून आलं. भरल्या गळ्याने त्यांनी दोन चहा हिंदीत सांगितले.

पहाटे पुण्यात उतरून कात्रजच्या बोगद्याशी पोचलो तर भाचा आणि त्याचा ग्रुप आधीच हजर. सगळ्यांच्या पायात ट्रेकिंगचे बूट, पाठीला पाण्याच्या पिशव्या, पिशवीतून तोंडापर्यंत नळी. तात्यांच्या डोक्याला माकडटोपी, हातात एजी ऑफिसची शिल्लक राहिलेली डायरी, खिशाला दोन पेनं. वाघजाईला नमस्कार केला, नारळ भाच्याने आणला होता, आणि चढायला लागलो.

पहिली टेकडी चढताना दम लागतो, पण उमेद असते. वर पोचलं की वारा येतो, माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि "वा" म्हणतो. आम्हीही म्हणालो. सूर्य वर येत होता. उजव्या हाताला सगळं पुणं पसरलेलं, डाव्या हाताला शिवगंगेचं खोरं आणि साताऱ्याचा हायवे. मग पुढे बघितलं. आणि पौर्णिमेच्या रात्री हा ट्रेक करायची पद्धत पुणेकरांनी का पाडली, ते लख्ख उजेडात समजलं. रात्री पायापुढचा बॅटरीचा गोल दिसतो, फार तर पुढच्या माणसाची पाठ. दिवसा टेकड्या दिसतात. एकामागे एक, एकीपेक्षा एक दूर, सगळ्या आपल्याच वाटेवर. आणि त्या रांगेच्या शेवटी, आकाशाला टेकलेला सिंहगड आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा. आमचा भाचा म्हणे यापूर्वी नेहमी रात्रीच आला होता. त्याचाही चेहरा जरा उतरला.

टेकडी चढायला माझी हरकत नाही. माझी हरकत उतरण्याला आहे. नौबत पहाड चढला की तुम्ही वर असता, दर्शन होतं, मग उतरता. व्यवहार पूर्ण. धारेवर तसं नाही. अर्धा तास घाम गाळून टेकडी चढायची आणि माथ्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की लगेच पुढच्या खिंडीत उतरायचं. कमावलेलं सगळं तिथे घालवायचं आणि पलीकडे पुन्हा शून्यापासून सुरुवात. तात्यांना हे सहन होईना. त्यांच्या दृष्टीने ही मुदत संपायच्या आत मोडलेली एफडी होती, आणि दर अर्ध्या तासाने नवीन उघडून पुन्हा मोडायची.

त्यांनी डायरीत दोन रकाने पाडले. डावीकडे चढ, उजवीकडे उतार. प्रत्येक खिंडीत बसून भाच्याच्या घड्याळातला उंचीचा आकडा मागून घ्यायचे आणि लिहायचे. तीन टेकड्यांनंतर बेरीज करून म्हणाले, "एवढं चढून आपण आत्ता, या क्षणी, निघालो त्यापेक्षा थोडेसेच वर आहोत. बाकी रक्कम गेली कुठे?"

"तात्या, हाच तर ट्रेक आहे," भाच्याच्या ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली.

"याला ऑफिसात अपव्यय म्हणतात," तात्या म्हणाले आणि लाल पेन काढलं.

उतारांची कथा वेगळीच. हिवाळ्यात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, लांबून फार छान दिसतं. त्याच्या मधून जाणारी वाट म्हणजे तीव्र उतारावर पसरलेला मुरमाचा बारीक खडा, यालाच घसारा म्हणतात. सरळ पाऊल टाकलं की पाय पुढे जातो आणि माणूस मागे राहतो. जाणती मंडळी आडवी पावलं टाकत, गुडघे वाकवून, कुठे गवताच्या मुठी धरून उतरतात. तात्यांनी पहिले दोन घसारे असे पार केले आणि तिसऱ्याला सरळ खाली बसले. "बसून जास्त सुरक्षित आहे," असं म्हणत ते बसल्या-बसल्या इंच-इंच सरकत खिंडीत पोचले. पँटच्या मागच्या बाजूची काय गत झाली ते त्यांच्या मागे चालणाऱ्यांनी बघितलं आणि कोणी बोललं नाही. मराठी माणूस वडीलधाऱ्यांचा मान राखतो.

मोज्यांची दशा मात्र सगळ्यांचीच सारखी. गवताची कुसळं मोज्यात शिरतात. प्रत्येक कुसळाचं टोक एवढं बारीक की डोळ्यांना दिसत नाही, फक्त टोचतं. टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. कॉम्प्युटरवर महिन्याला काही लाख कमावणारी पुण्याची हुशार पोरं खिंडीत रांगेने बसून बूट काढून एकेक कुसळ चिमटीत धरून ओढत होती. त्या वेळी कुणालाही फोनची आठवण नव्हती.

टेकड्या मोजण्याचा वाद पाचव्या की सहाव्या टेकडीवर सुरू झाला. पाचव्या की सहाव्या, यावरूनच सुरू झाला. दुसरा एक ग्रुप मागून आला, त्यांच्या मते ती आठवी होती. "मधल्या दोन छोट्या तुम्ही धरल्या नाहीत." "त्या टेकड्या नाहीत, त्या उंचवटे." "मग ही तरी टेकडी का?" माथ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले गेले. एकाने गुगलचा नकाशा दाखवला, त्यावर दुसऱ्याने त्याला कंटूर लाईन वाचता येत नाही असं सिद्ध केलं. तात्यांनी मग तोडगा सुचवला, ज्या टेकडीवर बसावंसं वाटतं ती एक धरायची. त्या नियमाने आकडा पन्नाशीच्या पलीकडे गेला असता, म्हणून तो फेटाळला गेला.

धारेवरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये शिखरं ओळखणारा एक गृहस्थ असतो. हा बोट दाखवून सांगतो, "तो पुरंदर, त्याच्या डावीकडे वज्रगड, इकडे राजगड, मागे तोरणा." धुकं असलं तरी सांगतो. आजूबाजूचे माना डोलावतात, कारण नाही म्हणायला त्यांच्याकडे काही आधार नसतो. आमच्या ग्रुपचा जाणकार ज्याला राजगड म्हणाला, त्याला मागून आलेल्या ग्रुपचा जाणकार तोरणा म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी विषय बदलला. मला हा प्रकार आवडला. हैदराबादेत बिर्याणीच्या बाबतीत एवढा समजूतदारपणा कोणी दाखवत नाही.

बाकी पुणेकर धारेवर सह्याद्री कमी आणि स्वतःची सोसायटी जास्त बघतो. उजव्या हाताला शहर दिसतंय ना, मग प्रत्येक माथ्यावर "तो पांढरा टॉवर दिसतोय? त्याच्या मागे, जरा डावीकडे, तिथे आमचं." आणि मग तिथला सध्याचा दर. डाव्या हाताच्या खोऱ्याकडे कोणी मान वळवून बघेल तर शपथ. त्या बाजूला राहायला गेलेला अजून कोणी नव्हता.

दुपारच्या सुमाराला मागून धावण्याचा आवाज आला. हाफ पँट घातलेला एक तरुण, पाठीवर चिमुकली सॅक. या डोंगरांवर पळण्याच्या शर्यती होतात, सिंहगड-राजगड-तोरणा अशी मोठी शर्यतही आहे, आणि त्यांचा सराव करणारी माणसं अशी अधूनमधून अंगावरून जातात. जाता जाता तो तात्यांना म्हणाला, "गुड जॉब, काका!"

"होता," तात्या म्हणाले. "आता पेन्शन आहे."

धपाटे एका खिंडीत संपले आणि पुलिहोरा पुढच्या माथ्यावर. पुण्याच्या पोरांनी प्रोटीन बार आणले होते, ते तसेच सॅकमध्ये राहिले. केळीचं पान उघडताच त्यांचे सगळे डाएट गळून पडले आणि बोटं चाटून झाल्यावर एकाने विचारलं की हे ऑनलाईन मिळतं का. गारूंना हे सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले. पिठल्याविषयी मात्र त्यांचं मत आजही तेच आहे.

शेवटच्या तीन-चार टेकड्यांवर ट्रेकच्या पुढाऱ्याची भाषा बदलते. सकाळी तो अंतर सांगतो, दुपारी फक्त मिनिटं सांगतो. "वीस मिनिटं." "आता फक्त उतार आहे." "ही चढली की झालंच." आम्ही हैदराबादचे. ऑटोवाल्याची "पाच मिनिटं" आणि लग्नातल्या जेवणाची "आत्ता वाढायलोत" ऐकत आमचं आयुष्य गेलं. पण हे पुढारी नवऱ्या मुलाच्या मामाइतक्या खात्रीने खोटं बोलतात. ही शेवटची, असं म्हटलेल्या प्रत्येक टेकडीच्या मागून दुसरी उगवत होती, आणि टीव्हीचा मनोरा सकाळी जेवढ्या अंतरावर होता, बरोबर तेवढ्याच अंतरावर दुपारीही होता. तात्यांनी एका माथ्यावर मनोऱ्याकडे पेन रोखून विचारलं, "हा हलतो का?" भाचा "नाही तात्या" म्हणाला, पण त्याच्याही आवाजात खात्री नव्हती.

सूर्य बराच कलल्यावर एक उतार आला आणि त्याच्या पायथ्याशी खरोखरच डांबरी रस्ता होता. कोंढणपूर फाटा. त्या रस्त्यावर गुळगुळीत, सपाट डांबरावर उभं राहून जे समाधान वाटलं तसं गोवळकोंड्याच्या बादशाही बारादरीतही वाटलं नव्हतं. भाचा म्हणाला, इथून गड थोडाच वर आहे, चालत जाऊ. तेवढ्यात एक जीप आली आणि तात्या त्यात बसलेले दिसले. ते त्यात कधी चढले हे कोणीच पाहिलं नाही. दिवसभरातली त्यांची ती सगळ्यात जलद चढाई.

सिंहगड तेराशे मीटरच्या थोडा वर आहे. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी आणि त्याचे मावळे रात्री कडा चढून इथे वर आले, तेही अंधारातच. आता वर मातीच्या मडक्यातलं दही, कांदाभजी आणि पिठलं-भाकरी मिळते. पिठलं तिखट, झणझणीत, भाकरी चुलीवरची, सोबत मिरचीचा ठेचा आणि कांदा हाताने फोडलेला. दोन भाकऱ्यांनंतर तात्यांनी डायरी उघडून दिवसाचा ताळेबंद वाचून दाखवला. चढ जमा, उतार खर्च, निव्वळ शिल्लक किरकोळ. जीपने मिळालेली उंची त्यांनी अनुदान या शीर्षाखाली दाखवली होती. भाच्याने त्यावर सही केली. मग तात्यांनी दुसरं मडकं मागवलं आणि पुढच्या वर्षी गारूंना घेऊन येऊ म्हणाले.

गारू तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, त्या वर्षी आम्ही अलिपिरीहून तिरुमला चढायचं, अनवाणी. तात्यांनी विचारून घेतलं की वर मंदिरात मोबाईल नेता येतो का. नेता येत नाही, असं समजलं आहे.

तेव्हा हैदराबादहून कोणी जाणार असेल तर ऐका. माणशी तीन लिटर पाणी घ्या, धारेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीचं झाडही क्वचितच. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका. वाट माहीत असलेला माणूस सोबत ठेवा, ढोरवाटा बऱ्याच फुटतात. मोजे जाड आणि जुने घाला. जायचंच तर हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या रात्री जा, पुढच्या टेकड्या न दिसणं हीच खरी सोय आहे. आणि खाली उतरल्यावर टेकड्या किती झाल्या असं कोणी विचारलं तर मुकाट्याने तेरा सांगा. चौदा म्हणालात तर पुणेकर तिथेच रस्त्यावर मोजायला बसतील आणि गडावरची शेवटची जीप निघून जाईल.